बाहेरचे हात आणि गावची मजुरी



कापूस फुटू लागला म्हणजे आपल्या सावरगावाकडच्या शिवाराला निराळीच कळा येते. पऱ्हाटी पांढरीशुभ्र दिसू लागते, पहिल्या वेचणीला वावरात सीतादहीची पूजा होते, आणि ऊन वर येण्यापूर्वी कमरेला ओटी बांधलेल्या बायांच्या रांगा शेताकडे निघतात. गरिबाने वर्षाचे चार पैसे गाठीस बांधावेत असा हा काळ. परंतु गेल्या हंगामात ह्याच दिवसांत एक कटू प्रसंग घडला. तो आज आपणांपुढे मांडावयाचा आहे, कारण तो एका गावापुरता नाही.

एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास दहाबारा बाया माझ्या अंगणात येऊन बसल्या. त्यांतील एक पोक्त बाई म्हणाली, “फादर, पंधरा वर्षं झाली, त्या वावरात मीच कापूस वेचते. औंदा मालक म्हणतात, टोळी ठरली, तुम्ही येऊ नका. आता आम्ही खावं काय जी?”

ही टोळी म्हणजे सातपुड्याच्या वरच्या अंगाकडून, तामियाच्या बाजूने उतरलेली सातआठ गोंड कुटुंबे. लेकराबाळांसह ती एका संत्र्याच्या बागेच्या कडेला पाले ठोकून राहिली होती. दुसऱ्या दिवशी काही तरुणांनी बेत केला, की ह्या लोकांना हातपंपावर पाणी भरू द्यावयाचे नाही, म्हणजे ते आपोआप परत जातील. हे कानावर येताच मला स्वस्थ बसवेना.

मी प्रथम शेतमालकाकडे गेलो. मनुष्य वाईट नव्हे. चार एकरांचा धनी, डोक्यावर कर्ज, घरातील एक मुलगा नागपुरास कामाला. तो म्हणाला, “फादर, बोंडे सारी एकदम फुटली. आभाळ भरून आले की माझा जीव खालीवर होतो. गावात वेचणाऱ्या बाया वीस, आणि वावरे पन्नास. त्यात त्या किलोमागे अकरा रुपये मागतात. मुकादम दहांत उरकून देतो.” नंतर मी पालावर गेलो. तेथील म्हाताऱ्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले, की त्यांच्या हाती किलोमागे सात रुपये पडतात. पावसाळ्यात घरच्या दुखण्यासाठी मुकादमाकडून उचल घेतली होती, ती ह्यातूनच फिटावयाची होती. मालक दहा रुपये देतो, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हते.

आता हिशेब मांडून पाहू. एक क्विंटल कापूस वेचण्यास गावच्या बायांना १,१०० रुपये द्यावे लागले असते. मालकाने १,००० दिले. वेचणाऱ्याच्या पदरात ७०० पडले. म्हणजे मालकाचे १०० रुपये वाचले आणि ३०० रुपये मधल्या माणसाकडे राहिले. त्यातून त्याला गाडीभाडे द्यावे लागते, हे खरे. तरी तीनशेतले गाडीभाडे किती, हे आपण जाणताच. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरविला होता. त्या मानाने मालकाची बचत शेकड्याला सव्वा रुपयाचीही नव्हे. तेवढ्यासाठी पंधरा वर्षांचा संबंध तुटला. गावच्या बाया टोळीवर रागावल्या, टोळी गावाला भ्याली, आणि ज्याच्याकडे सर्वांत मोठा वाटा गेला तो मुकादम कोणाच्याच रागास पात्र झाला नाही!

वाचकहो, बाहेरचा मजूर आला की गावची मजुरी पडते काय? हा प्रश्न आज सबंध जगात विचारला जात आहे आणि त्यावर निवडणुका लढविल्या जात आहेत. तेव्हा रागलोभ बाजूस ठेवून त्याचा विचार केला पाहिजे.

पुष्कळांची समजूत अशी, की काम हे ताटातल्या एका भाकरीसारखे आहे. खाणारा एक वाढला की प्रत्येकाचा तुकडा लहान होतो. समजूत वरवर खरी वाटते, पण काम हे भाकरीसारखे ठराविक मापाचे नसते. वेचणी वेळेवर झाली तर पुढचा हरभरा व गहू वेळेवर पेरला जातो आणि त्याच्या निंदणीचे व कापणीचे काम गावच्याच हातांना मिळते. तोडणीला माणसे मिळतील असा भरवसा असतो म्हणूनच शेतकरी संत्र्याची नवी कलमे लावण्यास धजतो. त्यातून वाहतूकवाल्याला, पेटी भरणाऱ्याला, रोपवाटिकेवाल्याला काम लागते. आलेली कुटुंबेही तेल, मीठ, पीठ येथल्याच दुकानातून घेतात. अशा रीतीने बाहेरचे हात काम घेतात तसे काम निर्माणही करतात.

परंतु एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावाचा एकंदर हिशेब बरोबर आला, तरी त्यात एखाद्या घरची चूल विझलेली असू शकते. दुकानदाराचा धंदा वाढला म्हणून त्या पोक्त बाईची ओटी भरत नाही. जिला वेचणीवाचून दुसरे काम नाही, तिच्यापुरता तोटा खराच आहे. तिची तक्रार मत्सर म्हणून झटकून टाकणे हा अन्याय होय.

परदेशातील विद्वानांनीही हा प्रश्न कसून तपासला आहे. १९८० साली क्यूबा बेटातून सुमारे सव्वा लाख माणसे अवघ्या काही महिन्यांत अमेरिकेच्या किनाऱ्यास लागली. त्यांतील पुष्कळजण मायामी शहरी राहिले आणि तेथील कामकऱ्यांची संख्या एकाएकी शेकडा सातने वाढली. डेव्हिड कार्ड ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला, की तेथील जुन्या कामगारांच्या मजुरीवर किंवा रोजगारावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. ह्याच कार्ड महाशयांना पुढे २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. उलट, स्वतः क्यूबात जन्मलेले जॉर्ज बोरहास ह्यांनी तोच प्रसंग निराळ्या रीतीने तपासून असे प्रतिपादन केले, की ज्यांचे शालेय शिक्षण पुरे झाले नव्हते अशा पुरुषांची मजुरी बरीच उतरली होती. हा वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि आपल्या अंगणातील बायांनी जे सांगितले त्याशी तो जुळतो. शहराचे एकंदरीत फारसे बिघडत नाही. झळ लागली तर ती अगदी तेच काम करणाऱ्या गरिबाला लागते.

मग बाहेरच्यांस येऊच दिले नाही तर? त्याचाही अनुभव आहे, आणि तो शेतीतलाच आहे. १९४२ पासून अमेरिकेत मेक्सिकोचे शेतमजूर करारावर आणले जात. त्यामुळे देशी मजुरांची मजुरी पडते, अशी ओरड झाल्यावर १९६४ च्या अखेरीस ती योजना बंद करण्यात आली. मायकल क्लेमेन्स व त्यांचे दोन सहकारी ह्यांनी त्या काळचे आकडे तपासून २०१८ साली दाखवून दिले, की मेक्सिकन मजूर गेल्यावर देशी मजुरांची मजुरी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. मळेवाल्यांनी टोमॅटो तोडणारी यंत्रे आणली, आणि ज्या पिकांना यंत्र मिळेना त्यांची लागवड कमी केली. टोळीला हातपंपावरून हाकलू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी ह्याचा विचार करावा. टोळी गेली म्हणजे तिचे काम आपल्याच हाती येईल, असा नियम नाही. कदाचित पुढल्या वर्षी त्या वावरात कापूसच नसेल.

तर मग मजुरी पाडते तरी कोण? माझ्या मते येणाऱ्या माणसाचे येणे मजुरी पाडीत नाही. त्याचे बांधलेपण पाडते. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, तो कोणत्याही दराला हो म्हणतो, आणि त्याच्या त्या होकाराने शेजारच्या मोकळ्या मजुराचाही दर खाली येतो.

ह्याचा एक जुना दाखला आपल्याच भाषेच्या लोकांचा आहे. मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत गुलाम राबत. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. तरी त्या लोकांस आणखी काही वर्षे मळ्यांशी बांधून ठेवण्यात आले व १८३९ साली ते खरोखर मोकळे झाले. मोकळ्या माणसाला पुरेशी मजुरी देऊन ठेवून घ्यावे, हे मळेवाल्यांना नको होते. त्यांनी १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास आरंभ केला होता. महिना पाच रुपये व शिधा असा करार असे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी बोलणारेही होते व त्यांचे वंशज आजही त्या बेटावर नांदत आहेत. त्या काळी मुक्त झालेल्या गुलामांच्या दृष्टीने आपली माणसेच मजुरी पाडणारे परके ठरली असतील! वास्तविक त्या बिचाऱ्यांना कोणाचीच मजुरी पाडावयाची नव्हती. करार पुरा झाल्याखेरीज त्यांना मळा सोडून जाण्याची मोकळीक नव्हती, एवढेच.

दुसरा दाखला मुंबईचा. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी तेथील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, आणि पुढे रत्नागिरी-साताऱ्याची हजारो माणसे गिरण्यांत राबू लागली. १९६० नंतरच्या काळात मुंबईत “बाहेरच्यांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या” ही भावना बळावली आणि १९६६ साली तिला शिवसेनेच्या रूपाने संघटित आवाज मिळाला. परंतु मराठी गिरणी कामगाराच्या पायाखालची जमीन सरकली ती मुख्यतः निराळ्या कारणांनी. कापड विणण्याचे काम गिरणीतून उठून भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर जात होते. तेथे संघटना नव्हती, कायदा क्वचितच पोहोचे, आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेली माणसे थोड्या पैशांत लांबच लांब पाळ्या भरीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. भिवंडीच्या मजुराला गिरणी कामगाराइतकीच मजुरी व तेवढेच संरक्षण असते, तर काम तिकडे नेण्यात मालकांचा एवढा फायदा कोठून राहता? तेव्हा दूरच्या परक्याची मजुरी सांभाळणे हे जवळच्या आपल्या माणसाची मजुरी सांभाळण्यासारखेच आहे.

आणि परका म्हणावे तरी कोणास? १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला व आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तरी राज्याची सीमा तीच. आपल्याकडील मजूर नरखेड-काटोलच्या बागांत संत्री तोडण्यास गेला, की तीच मराठी बोलत असूनही कायद्याच्या पुस्तकात तो दुसऱ्या राज्यातून आलेला स्थलांतरित ठरतो. उलट ज्या गोंड कुटुंबाला आपण बाहेरचे म्हणतो, ते आपल्याच राज्यातले. आपली किती मुले बोरगावच्या कारखान्यांत, नागपूरच्या बांधकामांवर आणि पुण्याकडे आहेत, ह्याची गणती प्रत्येकाने आपल्या आळीपुरती करावी. तेथील बाया आपल्या मुलांविषयी काय बोलत असतील? २०११ च्या जनगणनेप्रमाणे ह्या देशात सुमारे ४५ कोटी माणसे आपले मूळ ठिकाण सोडून राहत होती, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. म्हणजे आपल्या घरातील सूनदेखील एका अर्थी बाहेरून आलेलीच. ती आली म्हणून घरची भाकर कमी झाली, असे आपण म्हणतो काय?

केरळचे उदाहरण आशा वाढविणारे आहे. १९७० नंतर तेथील लाखो माणसे अरबी देशांत कामास गेली आणि त्यांच्या जागी बंगाल, आसाम, ओडिशाकडील मजूर आले. तरीही केरळातील शेतमजुराचा रोज देशात सर्वांत वरच्या दरांत गणला जातो. ह्याचे श्रेय तेथील बळकट मजूर संघटनांस व मजुरीच्या रूढ झालेल्या उंच दरांस द्यावे लागेल. सरकारने येणाऱ्या मजुरांना “अतिथी कामगार” असे नाव दिले व २०१७ साली त्यांच्यासाठी आरोग्य विम्याची योजना काढली. तेथे सारे गोड आहे असे नव्हे. परंतु दर उंच असला आणि परक्याच्याही अंगी काही बळ असले, तर स्थानिकाची मजुरी टिकू शकते, हे त्यावरून दिसते.

मजुरीविषयी पवित्र ख्रिस्तसभेची शिकवणही आडपडदा न ठेवणारी आहे. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात प्रतिपादिले, की गरजेने गांजून मजुराने कमी दर कबूल केला, तरी तेवढ्याने तो दर न्याय्य होत नाही. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’मध्ये बजावले, की परक्या ठिकाणी कामास गेलेल्या माणसाला तेथल्या मजुरांपेक्षा कमी लेखून त्याच्या अडचणीचा फायदा घेऊ नये. आणि रूथची कथा आपण सर्व जाणता. परदेशी मवाबी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचण्यास आली, तेव्हा त्या शेतधन्याने आपल्या गड्यांस ताकीद दिली, की हिला त्रास देऊ नका. आणि तिला सांगितले, की तहान लागल्यास गड्यांनी भरून ठेवलेले पाणी पी. ज्या गावाने हातपंप बंद करण्याचा बेत केला, त्या गावात ही कथा पुन्हा वाचली गेली पाहिजे.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वी माझाही दोष कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी मंदिराच्या आवाराची भिंत बांधावयाची होती. तेव्हा मी तीन ठिकाणी भाव विचारला आणि सर्वांत स्वस्त ठेकेदारास काम दिले. त्याचे मजूर कोठून आले, त्यांच्या हाती काय पडले, हे मी विचारले नाही. पैसे धर्मग्रामाचे वाचले, असे मी समाधानाने सांगत असे. ते नेमके कोणाच्या ताटातून वाचले, हा प्रश्न त्या म्हाताऱ्याच्या पालावर बसेपर्यंत मला सुचला नव्हता.

आता करावयाचे काय? चार गोष्टी गावाच्या हातच्या आहेत.

पहिली, एकच दर. वेचणीचा व तोडणीचा दर हंगामापूर्वीच शेतकरी व मजूर ह्यांनी एकत्र बसून ठरवावा, आणि तो गावच्या व बाहेरच्या मजुरास सारखाच असावा. परका स्वस्त नसला, म्हणजे त्याला केवळ स्वस्त म्हणून बोलावले जाणार नाही. हात खरोखर कमी पडतील तेव्हाच बोलावले जाईल.

दुसरी, मजुरी वेचणाऱ्याच्या हाती. मुकादमास त्याच्या खटपटीचे जे द्यावयाचे ते शेतकऱ्याने वेगळे द्यावे. मजुरीतून कापू देऊ नये. काटा सर्वांसमोर असावा व वजन वहीत लिहावे.

तिसरी, कायद्याची ओळख. किमान मजुरीचा कायदा १९४८ साली झाला. दुसऱ्या राज्यात ठेकेदारामार्फत नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली स्वतंत्र कायदा झाला. हे कायदे आता नव्या श्रम संहितांत सामावले असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. आपल्या गावातील शिकलेल्या मुलामुलींनी शेतमजुरीचा चालू किमान दर तहसील कचेरीतून आणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. तसेच शिधापत्रिकेवरील धान्य आता देशात कोठेही घेता येते, हे पालावरच्या माणसास सांगावे. घरात दाणे असलेला माणूस कमी दराला नाही म्हणू शकतो.

चौथी, उचलीचा फास. दुखण्याखुपण्याला मुकादमापुढे हात पसरावा लागतो, तेथेच पुढच्या हंगामाची मजुरी विकली जाते. आपल्या बचत गटांनी निदान आपल्या बायांना तरी ह्यातून सोडवावे, म्हणजे उद्या नरखेडच्या बागेत आपली माणसे कोणाची मजुरी पाडणार नाहीत.

त्या प्रसंगाचा शेवट सांगून पुरे करतो. रविवारी सायंकाळी शेतमालक, गावच्या बाया, काही तरुण व पालावरचा तो म्हातारा असे सारे एकत्र बसले. आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली. अखेरीस मालकाने किलोमागे साडेदहा रुपये दर कबूल केला. अर्धे वावर गावच्या बायांनी व अर्धे टोळीने वेचावे, आणि दोघांचेही वजन एकाच काट्यावर व्हावे, असे ठरले. मुकादम रुसून गेला व आपली उचल त्याने त्याच आठवड्यात परत मागितली. ती टोळीने कशी फेडावी, हा प्रश्न त्या बैठकीत सुटला नाही आणि अजूनही सुटलेला नाही. हातपंप मात्र कोणी बंद केला नाही.

पुढच्या हंगामात पुन्हा बोंडे फुटतील आणि पुन्हा टोळ्या उतरतील. वाद झाल्यावर बसण्यापेक्षा पोळा झाला की लगेच बसावे, आणि त्या बैठकीस वेचणाऱ्या बायांना अवश्य बोलवावे, एवढीच माझी आपणां सर्वांस नम्र विनंती आहे.